हायड्रोचे साडेतीनशे : अक्कलकोट रोडवरच्या एका अपघाताचं प्रकरण

मी वकील नाही. एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात नोकरी गेली, आता शनिवारी-रविवारी कामगारांच्या एका सल्ला केंद्रात बसतो. कागद वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं, वकिलाकडे जाण्याआधी हिशोब मांडून ठेवणं, एवढंच माझं काम. हे प्रकरण त्याच टेबलावर आलं. माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. तेव्हाचा कायदा आणि आकड्यांची रीत जशीच्या तशी ठेवली आहे.

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टेरी टॉवेलचं छोटं युनिट. पुढे माग, मागे रंगाई, शेजारच्या शेडमध्ये शिलाई आणि घडी. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आठ नावं. शिलाईच्या शेडमध्ये पाच बायका, पण ती शेड मालकाच्या बायकोच्या नावावर, वेगळ्या पाटीखाली. गेट एक, वीजमीटर एक, हप्ता म्हणजे आठवड्याचा पगार देणारा हातही एकच. सोलापुरात हे कुणाला नवल वाटायचं नाही. मालकाचे वडील स्वतः मागावर होते आणि हा मालकही पहाटे बॉयलरपाशी उभा असतो. त्याला खलनायक करून हे प्रकरण सांगता येणार नाही.

रंगवलेले ओले टॉवेल पिळायचं यंत्र म्हणजे हायड्रो. घरच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर आठवा, पण आत माणूस बसेल एवढा. भोकांची स्टीलची टोपली मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेते आणि पाणी बाहेर फेकते. बटण बंद केलं तरी टोपली लगेच थांबत नाही, वजनाच्या जोरावर फिरत राहते. म्हणून तिला ब्रेक असतो. झाकणाला इंटरलॉकही असतो, झाकण उघडं असताना मोटर चालू होऊ नये आणि टोपली फिरत असताना झाकण उघडू नये यासाठी.

इथे ब्रेकचे पट्टे झिजले होते. टोपली थांबायला तीन मिनिटं लागत. पाळीत अठरा लॉट, म्हणजे चौपन्न मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. यावर उपाय म्हणून इंटरलॉक वायर टाकून ‘डायरेक्ट’ केला होता. टोपली मंदावली की झाकण उघडायचं आणि वरचा टॉवेल ओढायला लागायचं.

आधीचा हायड्रोवाला बोट चेचल्यावर काम सोडून गेला. नंतर त्या जागी कुणी उभं राहीना. तेव्हा मालकाने हप्त्याला ३५० रुपये जादा द्यायचं कबूल केलं आणि रंगाईतला एकजण तयार झाला. त्याचा साधा हप्ता २,८८० रुपये होता, तो ३,२३० झाला. मुनीमाच्या वहीत नोंद पडू लागली : ‘हायड्रो जादा ३५०’.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिलं होतं की काम जितकं कष्टाचं, घाणीचं, नकोसं, तितकी त्याची मजुरी चढायला हवी. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी धोकाही याच हिशोबात धरला. सोलापूरच्या पूर्व भागात सगळीकडे हा नियम लागू पडताना मला दिसलेला नाही. धोटा उडून डोळ्याला लागण्याची भीती असलेल्या मागवाल्याला त्या भीतीचे वेगळे पैसे कुणी देत नाही. या युनिटमध्ये मात्र तो अगदी पुस्तकात असावा तसा चालला. माणूस मिळेना, म्हणून भाव चढला.

अपघात

२०२२ ची दिवाळी होऊन गेली होती. दुपारची पाळी, चौदावा लॉट. ओढताना टॉवेलचा पीळ मनगटाला बसला आणि टोपलीने हात आत घेतला. खासगी रुग्णालयात उजवा पंजा मनगटापाशी काढावा लागला. वय पूर्ण ३५. घरी बायको विडी वळते, दोन मुलं. फळीवरच्या डब्यात बायकोच्या पीएफची चिठ्ठी होती. कारखान्यात काम करणाऱ्या नवऱ्याच्या नावाचा एकही कागद घरात नव्हता.

उपचाराचे १,७०,००० रुपये मालकाने भरले. तेही न मागता, आणि पहिल्याच रात्री.

प्रश्न काय होता

महिन्याभराने मेहुणा स्टँपपेपरचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. मालक आणखी दोन लाख देणार, हात भरला की टॉवेल मोजण्याचं हलकं काम देणार, आणि यापुढे कसलाही दावा राहणार नाही. मेहुण्याचं म्हणणं होतं सही करून टाकू. बायको गप्प होती.

मी मालकाला फोन केला. तो चिडला नाही, दुखावल्यासारखा बोलला. “दर हप्त्याला जादा घेत होता की. फुकट उभा होता व्हय तिथं? धोका हाय म्हणूनच देत होतो ना मी.”

हे वाक्य मी तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं. पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरलं.

मालकाचा युक्तिवाद दीडशे वर्षं जुना आहे, आणि एके काळी तो न्यायालयात टिकतही असे. विलायतेत एकोणिसाव्या शतकात न्यायाधीश म्हणत, धोका ठाऊक असून मजुरी घेतली म्हणजे धोका पत्करला. चूक सहकाऱ्याची असेल तरी मालक मोकळा सुटे. जर्मनीने १८८४ मध्ये आणि ब्रिटनने १८९७ मध्ये यातून वाट काढली : चूक कुणाची हे विचारायचं नाही, काम करताना इजा झाली की ठरलेल्या दराने भरपाई. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याने हीच तडजोड आणली. १९३८ च्या मालक-दायित्वाच्या कायद्याने तर स्पष्टच लिहिलं की धोका कामगाराला पूर्ण समजावून सांगितला होता, त्याला तो समजला होता आणि त्याने तो राजीखुशीने घेतला होता, हे मालकाने सिद्ध केल्याखेरीज कामगाराने धोका पत्करला असं धरता येणार नाही. इथे हायड्रोशेजारी एक इंग्रजी स्टिकर होता. कामगाराला वाचता येते ती तेलुगू.

समोरचे मार्ग

स्टँपपेपरचा मार्ग आम्ही आधी बाजूला ठेवला. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल ठरत असे, आणि तडजोड करायचीच तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागे. हलक्या कामाचं वचन तर कुणीच बांधून देऊ शकत नाही. उपचाराचा खर्च २००९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने वेगळा द्यायचाच असतो, तो भरपाईत वळता होत नाही. हे ऐकल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. “म्हणजे ते पावणेदोन लाख आमच्यावर उपकार नव्हते?” कायद्याने नव्हते. पण त्या रात्री पैसे घेऊन धावत कोण आलं, हे ती विसरली नव्हती आणि मीही तिला विसरायला सांगितलं नाही.

पोलीस तक्रारीला कामगाराने स्वतःच नको म्हटलं. युनिटला टाळं लागलं तर बाकीचे कुठे जातील, एवढंच त्याचं कारण होतं.

तिसरा मार्ग १९२३ च्या कायद्याखालचा दावा. हिशोब असा होतो : मासिक वेतनाचे साठ टक्के, गुणिले वयाचा घटक, गुणिले कमाईची क्षमता किती टक्के गेली. वय ३५ ला घटक १९७.०६. एक पंजा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ६० टक्के लिहिले आहेत. अंगठ्याला ३०, पूर्ण तर्जनीला १४, करंगळीला ७. हे परिशिष्ट मी कैकदा वाचून दाखवलं आहे आणि दर वेळी समोरचा माणूस नकळत आपल्या बोटांकडे बघतो. हप्ता महिन्यावर आणला तर वेतन जवळपास १४,००० येत होतं. वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० होती, म्हणजे सगळं वेतन हिशोबात बसत होतं. ८,४०० गुणिले १९७.०६ म्हणजे १६,५५,३०४, त्याचे साठ टक्के ९,९३,१८२ रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या एका प्रसिद्ध निकालात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराला शंभर टक्के धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तसा आग्रह इथेही धरता आला असता.

जादाचे साडेतीनशे वगळले तर वेतन साधारण १२,५०० आणि भरपाई ८,८६,७७०. म्हणजे वहीतल्या त्या एका ओळीवर लाखाहून जास्त रुपये लटकत होते. मालकाचा अकाउंटंट म्हणाला, ते वेतन नव्हतंच, ‘साबण-तेलाचे’ होते. हे उगाच काढलेलं खुसपट नव्हतं. कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कम वेतनात धरत नाहीत, असं व्याख्येतच आहे. मात्र मालक स्वतः फोनवर म्हणाला होता की ते धोक्याचे पैसे आहेत. कामगाराचं तोंड बंद करायला वापरलेलं वाक्य मालकाचाच हिशोब वाढवत होतं, आणि यंत्र धोक्याचं आहे हे त्याला ठाऊक होतं याची कबुलीही देत होतं.

चौथा मार्ग ईएसआय, म्हणजे वर्गणीवर चालणारी कर्मचारी राज्य विमा योजना. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं असली की ती योजना लागू होते, आणि ती लागू असेल तर १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नसे. यात निवड नसते. दहा आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न. मस्टरवर आठ, प्रत्यक्षात तेरा.

काय केलं, आणि कुठे अडलो

पहिला पेच इंटरलॉकचा. सुरक्षेसाठी बसवलेलं साधन कामगाराने मुद्दाम काढलं आणि इजा कायम-संपूर्ण अपंगत्वापेक्षा कमी असली, तर १९२३ चा कायदा मालकाला सोडून देत असे. मेहुणा म्हणाला, इंटरलॉक नव्हताच असं सांगू. कामगार म्हणाला, “वायर फिटरनं टाकली मालकानं सांगितल्यावर. पण बॅटरी मी धरली होती. मीच म्हणलो टाक म्हणून.” आम्ही तसंच लिहिलं. खोटं उलटतपासणीत टिकलं नसतं, हे एक. दुसरं असं की दोघांनी मिळून तो इंटरलॉक का मारला, हे कुणाला तरी समजायलाच हवं होतं.

त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. ब्रेकचे पट्टे बदलायला फिटरने सात हजार सांगितले होते. वीस हप्त्यांचं जादा म्हणजे सात हजार. मालकाने दोन वर्षं, १०४ हप्ते, मिळून ३६,४०० रुपये धोक्याचे म्हणून दिले आणि ब्रेक तसाच ठेवला. मी कामगाराला विचारलं, तू ब्रेकचं कधी काढलं नाहीस? तो बराच वेळ डाव्या हाताने चहाचा कप फिरवत बसला. “काढलं असतं तर जादा बंद झालं असतं की, दादा.”

धोक्याला एकदा भाव लागला की तो टिकवण्यात दोघांचाही स्वार्थ तयार होतो, हे मी पुस्तकात कुठे वाचलं नव्हतं. मालकाला सात हजार एकदम काढणं जड वाटत होतं, हप्त्याचे साडेतीनशे जाणवत नव्हते. कामगाराला साडेतीनशे दर हप्त्याला दिसत होते, हात जाण्याची शक्यता दिसत नव्हती.

दावा फेब्रुवारी २०२३ मध्ये, मस्टरप्रमाणे आठ माणसं धरून, १९२३ च्या कायद्याखाली दाखल झाला. ही आमची मोठी चूक. शिलाईच्या बायकांना आधी विचारलं होतं, पण त्यातल्या एका अक्कांनी हात जोडले : “आमचं नाव घालू नका, हाय ते काम जाईल.” कामगारालाही एकरकमी पैसे हवे होते, फायनान्सवाला दारात उभा होता. सगळ्यांच्या सोयीचं म्हणून आम्ही मस्टरवरचा आठचा आकडा मान्य करून टाकला.

ऑगस्टमध्ये मालकाच्या वकिलाचं उत्तर आलं, आणि मी ते दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की शेजारची शेड आमचीच, पाचही बायका आमच्याच, एकूण माणसं तेरा, सबब ईएसआय लागू आणि हा दावा चालू शकत नाही. वर्षानुवर्षं परक्या असलेल्या बायका एका परिच्छेदात घरच्या झाल्या.

कारण हिशोब. तेरा जणांचा महिन्याचा पगार १,४०,००० धरला तर ईएसआयची वर्गणी चार टक्के, ५,६०० रुपये. थकलेला कामगाराचा वाटाही मालकालाच भरावा लागतो. मागची पाच वर्षं याच दराने धरली तरी ३,३६,०००, वर व्याज आणि दंड. दुसऱ्या पारड्यात ९,९३,१८२, त्यावर बारा टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंडाची शक्यता. वकिलाने मालकाला स्वस्त वाट दाखवली. ती खरीही होती, त्यामुळे तक्रार तरी काय करणार?

दावा मागे घेतला आणि ईएसआयकडे गेलो. अपघाताच्या दिवशी नोंदणी नव्हती, वर्गणी नव्हती, मग विमा कसला, असा मेहुण्याचा रास्त प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगून ठेवलं आहे की कारखाना कायद्यात बसत असेल तर मालकाने नोंदणी उशिरा केली म्हणून कामगाराचं संरक्षण जात नाही. एक अनपेक्षित फायदाही झाला. नियम मोडून काम करत असताना अपघात झाला तरी ते काम मालकाच्याच धंद्यासाठी होतं, तर ईएसआय ती इजा कामातलीच धरते. वायर कुणी टाकली हा प्रश्न तिथे जवळजवळ गळून पडला.

साडेतीनशेचा वाद मात्र इथेही आला, कारण ईएसआयच्या व्याख्येतही खास खर्चाची तीच सूट आहे. तो सुटला एका फोटोमुळे. कामगाराच्या मोठ्या मुलाने कधीतरी वडिलांचा हप्ता बरोबर आहे का बघायला मुनीमाच्या वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला होता. ‘हायड्रो जादा’ असे शब्द. साबण नाही, तेल नाही.

निष्पत्ती

वैद्यकीय मंडळाने ६० टक्के धरले. वेतनाच्या ९० टक्क्यांचे साठ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ७,५६० रुपये, आयुष्यभर. दुसरीकडे नोकरी केली तरी हे चालू राहतात. जादा धरलं नसतं तर ६,७५० मिळाले असते. म्हणजे हप्त्याचे साडेतीनशे बंद झाले आणि महिन्याचे ८१० मागे उरले.

जुलै २०२४ मध्ये मागची बाकी हाती आली. उपचाराच्या पाच महिन्यांचे ६३,००० आणि पुढच्या सोळा महिन्यांचे १,२०,९६०, मिळून १,८३,९६०. मेहुण्याने मला शांतपणे आठवण करून दिली की मालक दीड वर्षापूर्वी दोन लाख देत होता. मी पेन्शनचं सांगितलं. त्याने विचारलं, नऊ लाख त्र्याण्णव हजार आले असते तर? सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला ५,८०० च्या आसपास व्याज, आणि मुद्दल शाबूत. महिन्याला पेन्शनएवढं नुसतं मुद्दल काढून खाल्लं तर अकरा वर्षांत संपतं. पेन्शन चांगली असं मला वाटतं, कारण त्या घरात मुद्दल शाबूत राहिलं नसतं. पण हे मी माझ्या खुर्चीतून म्हणतो. फायनान्सवाला त्यांच्या दारात होता, माझ्या नव्हे.

शिलाईच्या पाचही जणींना ईएसआय कार्ड मिळालं. काम कुणाचंच गेलं नाही. हात जोडणाऱ्या अक्का आता आजारपणाची रजा कशी मागायची ते विचारायला येतात.

पुन्हा करायचं झालं तर

आधी माणसं मोजेन. मस्टरवरची नाहीत, गेटमधून आत जाणारी. १९२३ च्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. आम्ही तिसऱ्या महिन्यात घाई केली आणि सहा महिने गमावले. बायकांना ‘साक्ष द्याल का’ असं विचारण्याऐवजी ‘तुम्हाला कार्ड हवं का’ असं विचारलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं असं आज वाटतं.

अपघाताची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे पहिल्याच आठवड्यात लेखी दिली असती, तर यंत्राची स्थिती सरकारी कागदावर आली असती. फोटो नसता तर आम्ही काय केलं असतं, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हापासून केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला दर हप्त्याला वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवायला सांगतो.

मालकानेही वेगळं करण्यासारखं होतं. दहाच्या आत राहायचंच होतं तर निदान भरपाईची विमा पॉलिसी घ्यायची होती. त्याचा वर्षाचा वाचलेला वाटा पन्नास-पंचावन्न हजार होता. तो वाचवताना आपण स्वतःच विमा कंपनी झालो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मे २०२५ मध्ये याच अक्कलकोट रोडवर एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले, त्यात खुद्द मालकही होते. तेव्हा या प्रकरणातल्या मालकाने मला फोन केला आणि सानुग्रह मदत कुणाला मिळते ते विचारलं. मी सांगितलं, सानुग्रह म्हणजे सरकारने कृपेने दिलेली, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हक्काचं ते वर्गणीतून येतं. तो म्हणाला, “भरतोय की आता.”

१९२३ चा आणि ईएसआयचा, हे दोन्ही जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहाचा आकडा तिथेही आहे, त्यामुळे दोन पाट्यांच्या शेडही असतील.

मध्यंतरी त्या युनिटमध्ये गेलो होतो. हायड्रोचा ब्रेक नवा आहे, खर्च शेवटी साडेनऊ हजार आला. इंटरलॉकची वायर काढली आहे आणि स्टिकरशेजारी तेलुगूत हाताने लिहिलेला पुठ्ठा लावला आहे. हायड्रोवर बाविशीतला एक पोरगा होता. मालक मला ब्रेक दाखवत असताना तो मागून म्हणाला, “मालक, ब्रेक केलं ते बरं झालं. पण मागच्या मामाला साडेतीनशे होते म्हणे. माझं जादाचं काय?”

मालकाने माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाला, “दोनशे घे. ओल्यात उभं राहतोस म्हणून. आणि वहीत तसंच लिहायला सांग.”